रुग्णशय्येपाशी उपजणारे संशोधन

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडाशी व टाचांशी जखमा होऊ नयेत म्हणून तेथील कातडीस नाना प्रकारची मलमे व द्रव्ये चोळण्याचा प्रघात इंग्लंडातील इस्पितळांत दीर्घकाळ चालत आला होता. तो खरोखर गुणकारी आहे काय, हे पडताळून पाहण्याचे ज्यांनी मनावर घेतले, त्या डोरीन नॉर्टन वृद्धसेवेत मुरलेल्या परिचारिका होत्या. ऱ्होडा मॅक्लॅरेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्या सहकार्याने १९६२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले की, चोळण्याने काही साधत नाही, ठराविक अंतराने कूस पालटल्यास मात्र शय्याव्रण पुष्कळ अंशी टळतात. प्रकृती, मनाची सावधता, चालणेफिरणे, अंगाची हालचाल व मलमूत्रावरील ताबा यांना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यावेत आणि बेरीज १४ वा त्याहून कमी भरल्यास रुग्णास धोका आहे असे मानावे, ही त्यातूनच सिद्ध झालेली मोजणी त्यांच्या नावाने आजही प्रचलित आहे.

फेरीपुरता येणाऱ्या डॉक्टरांपेक्षा सबंध पाळीभर खाटेपाशी असणाऱ्या सिस्टरला असे प्रश्न अधिक सुचावेत, यात नवल नाही. डायलिसिस, कर्करोग, अतिदक्षता अशा एकेका विभागात वर्षे घालविलेल्या परिचारिकेजवळ तर त्यांचा साठाच असतो. परंतु प्रश्न सुचणे निराळे आणि रुग्णांची निवड, तुलनेचा गट, संख्याशास्त्र, नीतिसमितीची मंजुरी या वाटेने त्याचा निकाल लावणे निराळे. ही विद्या शिकवावी लागते. परिचर्या संशोधनाधिष्ठित व्हावी, अशी शिफारस ब्रिटनमधील ब्रिग्ज समितीने १९७२ मध्येच केली होती.

आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध अनिवार्य आहे; भारतीय परिचर्या परिषदेने २००५ मध्ये बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या सहयोगाने पीएच.डी.साठी राष्ट्रीय पातळीवर तजवीजही केली. तथापि पदव्युत्तर झालेल्या परिचारिका बहुधा अध्यापनाकडे वळतात, आणि वॉर्डात राहणारीला नोंदवह्या व रिक्त जागांचा भार यांतून उसंत मिळत नाही, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते. स्वतःच्या हौसेवर, रात्रपाळी उतरल्यावर तिने संशोधन करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. ड्युटीच्या तक्त्यातच त्यासाठी राखीव तास असावेत, संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला मागण्याची तिला मुभा असावी. आणि ज्या निबंधाची आखणी व नोंदी तिच्या श्रमांवर उभ्या आहेत, त्याच्या लेखकांत तिचे नाव हक्काने छापले जावे.