उघडं अंग, बंद तोंड

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावात ‘तसलं काही’ हाती लागायला एके काळी बरीच खटपट करावी लागे. आधी स्टँडजवळच्या टपरीवर रद्दी पेपरात गुंडाळून मिळणारी पिवळी पुस्तकं. मग ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हीसीआर आणि ज्याचे आईवडील परगावी गेलेत अशा मित्राचं घर. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देणारा पोरगा. प्रत्येक टप्प्यावर मध्ये कुणीतरी माणूस असे आणि त्याच्यासमोर मान थोडी खाली जाई. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं आणि तो मधला माणूस गेला. आता तेरा वर्षांच्या पोराला काही बघायचं तर कुणाला विचारावं लागत नाही. त्यामुळे त्यानं काय बघितलं, हेही कुणाला कळत नाही.

रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ (2013) या चित्रपटाची गोष्ट व्हीसीआरच्या काळातली आहे. चाळीतल्या एका ताईनं ‘शेण खाल्लं’ असं मुलांच्या कानावर येतं. शेण खाल्लं म्हणजे नेमकं काय केलं, हे मोठी माणसं सांगत नाहीत. ती गप्प बसवतात. मग वयानं थोडा मोठा, सगळं ठाऊक असलेला विशू गुरू होतो आणि प्रकरण कॅसेटपर्यंत पोचतं. पुढे जे होतं ते चित्रपटानं फार नेमकं टिपलंय. कालपर्यंत एकत्र खेळणारी ही पोरं एकमेकांकडे निराळ्या नजरेनं बघू लागतात.

ही नजर बदलते का, किती बदलते आणि बदलली तर त्यात वाईट काय, यावर जगभर पन्नास वर्षं वाद चालू आहे. आपल्याकडे हा वाद बहुधा ‘संस्कृती बुडाली’ इथंच संपतो. खरं तर इथं दोन वेगळे प्रश्न आहेत. पॉर्नमध्ये दिसणाऱ्या माणसाची वस्तू होते का, हा एक. आणि ते बघणारा माणूस घरात, कॉलेजात, लग्नानंतर इतरांना वस्तूसारखं वागवू लागतो का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी पडद्यापाशी जायचीही गरज नाही. माणसाची वस्तू कशी करतात, हे गडहिंग्लजच्या परिसरानं कॅमेऱ्याविना पाहिलेलं आहे. सीमेपलीकडच्या सौंदत्तीच्या यल्लम्माचा प्रभाव या सगळ्या पट्ट्यावर. केसांत जट निघाली, घरात दुखणं आलं, नवस बोलला गेला की पोर देवीला सोडायची. देवीला वाहिलेली म्हणून तिचं लग्न होत नसे. पण गावातल्या दांडग्यांना ती उपलब्ध असे. शाहू महाराजांनी 1920मध्ये कोल्हापूर संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा केला, मुंबई इलाख्यात 1934मध्ये झाला. तरीही सत्तरच्या दशकात डॉ. बाबा आढाव आणि गडहिंग्लजचे प्रा. विठ्ठल बन्ने यांना इथं देवदासींची परिषद भरवावी लागली. महाराष्ट्राचा नवा कायदा यायला तर 2005 उजाडलं. याच तालुक्यातून आलेल्या राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे जग उभं केलं आणि त्यांच्यावरून ‘जोगवा’ चित्रपट निघाला. त्यातल्या सुलीला देवीला सोडतात, तायप्पाला लुगडं नेसवतात. ‘तुला काय पाहिजे’ असं दोघांनाही कुणी विचारत नाही. या गोष्टीत अंगावरचे कपडे जागच्या जागी आहेत, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी 1995मध्ये एका निबंधात माणसाला वस्तू बनवण्याच्या सात खुणा सांगितल्या. त्याला साधन म्हणून वापरणं. त्याला स्वतःची मर्जी असते हे नाकारणं. तो स्वतःहून काही करू शकत नाही असं धरून चालणं. एकाच्या जागी दुसरा चालेल असं मानणं. त्याला मोडलं-तोडलं तरी बिघडत नाही असं समजणं. त्याच्यावर मालकी सांगणं. आणि त्याच्या मनात काय चाललंय याची दखलच न घेणं. देवीला सोडलेल्या पोरीला यातल्या किती खुणा लागू पडतात, हे वाचकानं स्वतःच मोजावं. नुसबॉम यांनी एक पुस्तीही जोडली. जोडीदाराच्या पोटावर डोकं टेकून कुणी पडलं, तर त्या घटकेपुरती त्या पोटाची उशी होते आणि त्यात कुणाचंच काही बिघडत नाही, कारण नात्यात एकमेकांची मर्जी आणि मान शाबूत असतो. म्हणजे मुद्दा उघड्या अंगाचा नाही. त्या अंगाला मर्जी आहे की नाही, एवढाच आहे.

या कसोटीवर पॉर्न कसं उतरतं? 2010मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी खपाच्या व्हिडिओंमधली 304 दृश्यं तपासली. त्यांतल्या सुमारे 88 टक्के दृश्यांत चापट, मुस्कटदाबी अशी शारीरिक आक्रमकता आढळली. ती झेलणाऱ्या बहुतेक सगळ्या बाया होत्या आणि मार खाऊनही त्या खूश किंवा निर्विकार दिसत होत्या. याउलट, ऑस्ट्रेलियात त्याआधी झालेल्या एका पाहणीत हिंसक दृश्यं जेमतेम दोन टक्के निघाली. एवढी तफावत कशी? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकानं समोरच्याची मर्जी असेल तर चापट हिंसेत धरली नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी ती धरली. दोन्ही बाजूंचा तर्क समजण्यासारखा आहे. पण पडद्यावर मर्जी दिसते ती पटकथेतली. कॅमेऱ्यामागे काय ठरलं होतं, पैसे किती ठरले, नको म्हणायची सोय होती का, यातलं काही बघणाऱ्यापर्यंत पोचत नाही. नेमकं तेच कापलेलं असतं.

2015मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी इंटरनेटवरचे 400 लोकप्रिय व्हिडिओ तपासले. बाई तिथं पुरुषाच्या सुखाचं साधन म्हणून दिसत होती, हे अपेक्षितच. मात्र माणूसपण पुसून टाकलेला निघाला तो जास्त करून पुरुष. आणि घरगुती, हौशी म्हणून खपणाऱ्या व्हिडिओंत बाईच्या वाट्याला येणारी विषमता व्यावसायिकांपेक्षा जास्त होती. ‘घरगुती म्हणजे खरं’ असं समजून बघणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि त्यावर छातीठोकपणे बोलणाऱ्या दोन्ही पक्षांपासून जरा जपूनच राहिलेलं बरं. डेन्मार्कनं 1969मध्ये पॉर्न चित्रांवरची बंदी उठवली. त्यानंतर तिथं बलात्कारांची लाट आली नाही. काही लैंगिक गुन्हे तर कमी झाल्याचं बर्ल कुचिन्स्की या अभ्यासकानं दाखवलं. अमेरिकेत 1970च्या सरकारी आयोगानं पॉर्न गुन्ह्याला कारण होतं याचा पुरावा नाही म्हटलं, तर 1986च्या आयोगानं अगदी उलटं. 2016मध्ये सात देशांतले 22 अभ्यास एकत्र तपासल्यावर पॉर्न बघणं आणि लैंगिक आक्रमकता यांचा संबंध दिसला. 2020मध्ये दुसऱ्या दोघांनी तशीच छाननी केली आणि अभ्यास जितका काटेकोर, तितका संबंध पुसट होतो, असं नोंदवलं. या सगळ्यात टिकून राहणारा धागा नील मॅलमथ यांच्या संशोधनातला आहे. ज्याच्या मनात बायकांविषयी आधीच राग आणि तुच्छता आहे, त्याच्यावर परिणाम ठळक होतो. इतरांवर फारसा नाही.

किशोरवयीन मुलांचं चित्र थोडं वेगळं आहे. 1995 ते 2015 या वीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतल्यावर असं दिसलं, की पॉर्न बघणाऱ्या मुलांमध्ये ‘पुरुषानं करायचं, बाईनं करू द्यायचं’ या ठोकळेबाज समजुती जास्त पक्क्या असतात. आधी समजूत की आधी व्हिडिओ, याचा निकाल त्या अभ्यासांतून लागत नाही. तरी ज्या घरात या विषयावर अवाक्षर काढलं जात नाही, तिथल्या मुलाला त्या समजुतीला छेद देणारं दुसरं काही ऐकायलाच मिळत नाही, एवढं तर्कानं म्हणता येतं.

आपला कायदा मात्र फार काळ तिसऱ्याच प्रश्नात अडकून राहिला. मुंबईतल्या ‘हॅपी बुक स्टॉल’चे रणजित उदेशी यांच्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याचा खटला चालला. त्यात सर्वोच्च न्यायालयानं 1868ची इंग्रजी हिक्लिन कसोटी उचलून धरली: वाचणाऱ्याचं मन बिघडेल का? ही कसोटी 2014मध्ये बाजूला पडली. पण दोन्ही वेळी चिंता बघणाऱ्याच्या मनाची किंवा समाजाच्या सभ्यतेची. जिचं चित्र काढलं, तिचं काय, हे त्यात कुठे येत नाही. इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी 2013मध्ये बंदीसाठी याचिका केली, 2015मध्ये सरकारनं 857 संकेतस्थळं बंद केली आणि ओरड होताच काही दिवसांत पाऊल मागे घेतलं. 2018मध्ये पुन्हा आठशेवर बंद झाली. व्हीपीएन ठाऊक असलेल्या नववीच्या पोराला याचा किती त्रास झाला असेल, हे सांगायला नको.

या सगळ्याआधी एका मराठी माणसानं वेगळी वाट धरली होती. र. धों. कर्वे यांनी 1927मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत संततिनियमन आणि वाचकांच्या खासगी शंकांना सरळ उत्तरं. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण असल्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारत असतील तर ज्ञान द्यायलाच हवं, अशी त्यांची बाजू होती. कोर्टानं ती मानली नाही आणि कर्व्यांना दंड झाला. नुसबॉमच्या कसोटीवर ती मुखपृष्ठं पूर्ण पास होतील असं वाटत नाही. चित्रं बायकांचीच असत आणि त्या काही बोलत नसत. पण आतल्या पानांत बाईलाही सुखाचा हक्क आहे, हे कर्वे पुन्हापुन्हा लिहीत राहिले. आज मुखपृष्ठ तेवढं सगळ्यांच्या खिशात पोचलंय, आतली पानं नाहीत.

2007मध्ये महाराष्ट्रानं शाळांतल्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला. विधिमंडळात आक्षेप होता तो पुस्तिकेतल्या चित्रांवर. सप्टेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहान मुलांच्या शोषणाचे व्हिडिओ बाळगणं गुन्हा ठरवलं. त्यांना ‘पॉर्न’ म्हणू नका, कारण मूल मर्जी देऊच शकत नाही, असंही बजावलं. आणि त्याच निकालात, शाळेत लैंगिक शिक्षण द्यायचा विचार करा, असं सरकारला सुचवलं.