मातीतले कामकरी (भाग ७) : अडकून पडलेला स्फुरद

गेल्या आठवड्यात आपण सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखाने फोडून आतला गुलाबी रंग पाहिला. तिथे नत्र हवेतून येत होतं. स्फुरद हवेत नसतो. तो मातीत असतो आणि असूनही पिकाला मिळत नाही, हेच त्याचं दुखणं.

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतो. काळ्या, चुनखडीच्या रानात पडला की तो कॅल्शियमला जखडला जातो आणि पाण्यात विरघळेनासा होतो. कोकणातल्या तांबड्या जमिनीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. त्या हंगामातल्या पिकाच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा येतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. उरलेला वर्षानुवर्षं साठत राहतो. ज्या खनिजासाठी देशाला परदेशाकडे पाहावं लागतं, ते आपल्याच रानात निजून आहे, याची मला फार हळहळ वाटते.

त्याला मोकळं करणारे जिवाणू प्रयोगशाळेत बघावेत. काचेच्या बशीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलेलं, दुधाळ दिसणारं माध्यम ओततात. त्यावर मुळालगतची माती कालवलेलं पातळ पाणी पसरून काही दिवस थांबायचं. बहुतेक ठिपके नुसतेच वाढतात. एखाद्याभोवती मात्र दुधाळपणा जाऊन नितळ कडं उमटतं. हा बहुधा बॅसिलस किंवा स्यूडोमोनास. तो ग्लुकॉनिक आम्लासारखी आम्लं सोडतो, ती कॅल्शियमला धरतात आणि स्फुरद सुटतो.

पण बशीत त्याला साखर आयती मिळते. शेतात ती मुळांच्या पाझरातून आणि कुजत्या काडीकचऱ्यातून मिळायला हवी. शिवाय चुनखडी आम्लाचा जोर मारते. म्हणून एका रानात फरक दिसतो, शेजारच्या रानात दिसत नाही. धसकटं, पाचट पेटवून दिलेल्या जमिनीत तर या जिवाणूंकडून फारशी अपेक्षा धरू नये.

या जिवाणूंची भुकटी पाकिटात मिळते, पण तिचं 'जिवाणू खत' हे नावच मला खटकतं. खत म्हटलं की पाकीट युरियाच्या थप्पीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पडतं. नियमाप्रमाणे या भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. मे महिन्यातल्या तापल्या पत्र्याखाली त्या मरत जातात. पाकीट मात्र बाहेरून होतं तसंच दिसतं, आणि बोल लागतो तो जिवाणूंना.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी पुरते. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात ती कालवा, गोणपाटावर बी पसरून हलक्या हाताने चोळा. सोयाबीनची साल नाजूक असते, ती निघता कामा नये. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, जिवाणू शेवटी. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

पुढच्या भागात : मूळ पोचत नाही तिथून स्फुरद आणणारी बुरशी, मायकोरायझा.