परवान्यावाचून पदवी

गेल्या चैत्रातली गोष्ट. दुपारची जेवणे आटोपून जरा लवंडले होते, तोच दांडिया बाजारातून धाकटा भाऊ आला. हातात कागदांची चळत आणि चेहऱ्यावर चिंता. त्याची मुलगी लग्नानंतर अमेरिकेत असते. तिथल्या एका विद्यापीठात ‘विशेष शिक्षण’ या विषयात एम.एड. करण्यासाठी ती अर्ज भरीत होती. अर्जात एक प्रश्न होता : अभ्यासक्रम शिक्षकाच्या परवान्यासह हवा, की परवान्याविना? मुलीने दुसऱ्या चौकटीत खूण करावयाचे ठरविले होते, आणि तेवढ्यावरून बापलेकीत दूरध्वनीवर चांगलीच जुंपली होती.

“ताई, तू पस्तीस वर्षे शाळेत काढलीस. तूच सांग, शिक्षणाची पदवी घ्यायची आणि शिकवायचा परवाना घ्यायचा नाही, म्हणजे लग्न करून नांदायला जायचे नाही, तसलाच प्रकार की नाही हा?”

खरे सांगायचे तर प्रथम मलाही तसेच वाटले. आमच्या पिढीला पदवी आणि परवाना या दोन वस्तू असतात हेच ठाऊक नव्हते. बी.एड. झाले, शाळेत रुजू झालो, संपले. अमेरिकेत मात्र पदवी विद्यापीठ देते आणि सरकारी शाळेत शिकविण्याचा परवाना त्या त्या राज्याचे शिक्षण खाते देते. राज्याराज्यांच्या अटी वेगळ्या. सामान्यतः ठरावीक परीक्षा, पूर्ववृत्ताची चौकशी आणि मुख्य म्हणजे एखाद्या शाळेत अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली सुमारे एक सत्र पूर्णवेळ अध्यापन, एवढे करावे लागते. राज्य बदलले तर बहुधा नव्याने अर्ज. परवान्याविना एम.एड. करणाऱ्यास हे सत्रभराचे अध्यापन चुकते. त्याच्या जागी संशोधनपद्धती, अपंगत्वविषयक कायदे, कुटुंबांबरोबर काम करण्याची रीत, साहाय्यक साधने अशा विषयांना अधिक वाव मिळतो.

मग असल्या पदवीचा उपयोग कोणाला? याचे उत्तर त्या देशाच्या कायद्यात आहे. १९७५ साली अमेरिकेच्या संसदेने सर्व अपंग मुलांना मोफत व योग्य शिक्षण देण्याचा कायदा केला. दहा लक्ष अपंग मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, अशी कबुली त्या कायद्याच्या मजकुरातच दिलेली होती. आज तिथे सुमारे ७५ लक्ष मुले या कायद्याखाली सेवा घेतात. म्हणजे सरकारी शाळांतील दर शंभर मुलांमागे पंधरा. प्रत्येक मुलासाठी त्याचा स्वतःचा लेखी शिक्षण आराखडा करावा लागतो आणि तो करताना आईबापांना बैठकीत बसवून घ्यावे लागते. आता हा आराखडा समजून घ्यायला, शाळेशी वाटाघाटी करायला आईबापांना कोणीतरी जाणकार हवा. त्यासाठी सरकारी मदतीवर चालणारे पालक-केंद्र प्रत्येक राज्यात निदान एक तरी असते. १९८६ पासून जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी घरी जाऊन मदत देण्याची योजना आहे. महाविद्यालयांतून अपंग विद्यार्थ्यांची सोय पाहणारी कार्यालये आहेत. यांतील पुष्कळ कामांना वर्गशिक्षकाचा परवाना लागत नाही, विषयाचे खोल ज्ञान मात्र लागते.

हे सगळे भाचीनेच मला रात्री फोनवर समजावून सांगितले. शेवटी ती म्हणाली, “आत्या, बाबांना तू एवढेच विचार, की परवाना घेऊन मी ज्यांना शिकवीन, त्यांत आपला दादू बसतो का?”

दादू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आता चोवीस वर्षांचा आहे. स्वमग्न. बोलणे चारदोन शब्दांपलीकडे गेले नाही. पण वडिलांच्या दुकानातली बरणी कोणी जागची हलविली तर त्याला डोळे मिटून कळते. अठरा वर्षांपर्यंत तो एका संस्थेत जात होता. पुढे ‘तुमचा मुलगा आता मोठा झाला’ म्हणून निरोप मिळाला, आणि तेव्हापासून तो घरीच असतो. वहिनीने गेली सहा वर्षे एकही लग्न पुरते पाहिलेले नाही.

अमेरिकेतही शाळेची ही सेवा बहुतेक राज्यांत एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी थांबते. म्हणून मूल सोळा वर्षांचे होईल तोवर त्याच्या आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याचा विचार नोंदलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे : कोणते काम करील, कोठे राहील, स्वतःचे किती करू शकेल. भाचीला नेमका हाच अभ्यास करायचा होता. शाळेचा परवाना शाळेच्या दारापर्यंतच चालतो आणि तिचा भाऊ ते दार ओलांडून आलेला.

एवढे ऐकून मी तिच्या बाजूची झाले. तरी पस्तीस वर्षे हजेरीपट सांभाळलेली बाई मी, दोन गोष्टी तिला बजावल्याच. पहिली ही, की उद्या मन बदलले आणि वर्गात शिकवावेसे वाटले, तर ही पदवी परवान्याची जागा घेणार नाही. राहिलेले अध्यापन, परीक्षा, कदाचित आणखी काही विषय, सारे तेव्हा करावे लागेल. प्रवेशापूर्वीच विद्यापीठाकडून हे लेखी विचारून घ्यावे. (तिकडे नोकरी करण्याची परवानगी हा तर आणखी वेगळा विषय, परवानाधारकालाही तो चुकत नाही.)

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि ती आपल्या देशातली. आपल्याकडे १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. विशेष शिक्षक हा त्या कायद्याने पुनर्वसन-व्यावसायिक ठरतो आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय त्याला व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परदेशी पदवी असली तरी परिषदेची मान्यता हवीच. तेव्हा परत येऊन वडोदऱ्यात स्वतः विशेष शिक्षिका म्हणून काम करायचे मनात असेल, तर परवान्याविना घेतलेली पदवी गळ्यात अडकेल. त्या वाटेने जाणाऱ्याने सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेसारखी परिषदेने मान्य केलेली जागाच धरावी. हैदराबादकर वाचकांना तर ती घरचीच. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने प्राथमिक वर्गांत दर दहा विशेष मुलांमागे आणि वरच्या वर्गांत दर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे ठरविले आहे. त्यामुळे नोंदणीकृत शिक्षकांची गरज वाढणारच.

परंतु केवळ समजून घेण्यासाठी शिकायचे असेल, तर परदेशीच जावे लागते असे नाही. आमच्या सयाजीराव विद्यापीठात मानवविकास या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास कित्येक वर्षे चालत आलेला आहे. त्यात बालकाची वाढ आणि त्या वाढीत येणारे अडथळे शिकायला मिळतात, ते शिक्षिका होण्याची अट न घालता.

भावाला हे सांगत असताना माझ्या मनात मात्र दुसराच एक मुलगा होता. बहुधा १९८३ सालचा, आठवीच्या वर्गातला. अक्षरे उलटी लिहायचा, तोंडी गणित मात्र सगळ्यांआधी सांगायचा. मी त्याला आळशी म्हटले, बाकावर उभे केले, प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारला. पुढल्या वर्षी त्याने शाळा सोडली. वाचनातील त्या अडचणीला नाव आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिचाही समावेश आहे. तेव्हा माझ्यापाशी पदवी होती, परवाना होता, आणि त्या मुलाला समजून घेण्याइतके ज्ञान मात्र नव्हते.

भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “दादूसाठी शिकते म्हणतेस, पण आपल्यामागे त्याचे कोण, हे ती शिकणार आहे का?” योगायोगाने ते मला ठाऊक होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली स्वमग्न व्यक्तीला, ती सज्ञान झाल्यावरही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. भावाने हे नाव कधी ऐकलेच नव्हते. मी कागदाच्या तुकड्यावर लिहून दिले, तो त्याने खिशात घातला.

भाचीने दुसऱ्या चौकटीतच खूण केली. श्रावणात तिचे पहिले सत्र सुरू झाले. रविवारी ती फोन करते तेव्हा आधी दादूला समोर बसवायला सांगते : आज सकाळी त्याने काय काय केले, कोणत्या क्रमाने केले, कोठे अडला, हे वहिनीला विचारून लिहून घेते. मागल्या आठवड्यात तिने सांगितले म्हणून वहिनीने चहाच्या कृतीची सात चित्रे काढून ओट्यावर चिकटविली. पाचव्या चित्रापर्यंत तो आला आहे. दूध ओतताना अजून थांबतो.