न भरणारी जखम आणि योग्य डॉक्टरांची निवड

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वयोवृद्ध स्त्रियांच्या आजाराची माहिती प्रसिद्ध केली. पहिल्या स्त्रीच्या कमरेवर, जेथे परकराची नाडी आवळली जाते, त्या जागी दीड वर्षापासून जखम होती. दुसरी स्त्री अनेक वर्षे लुगडे नेसत आलेली. तिची कमरेवरील जखम दोन वर्षे भरत नव्हती. तपासणीअंती दोघींनाही त्वचेचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ सालीच धोतराच्या आवळण्यामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. तरीही अशा जखमेला आजही कधी नायटा, कधी गजकर्ण समजून मलम लावले जाते आणि मोलाचे महिने निघून जातात. धानोरा व नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या भाविकांनी योग्य डॉक्टरांची निवड कशी करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात आम्ही देत आहोत.

कोणत्या जखमेची शंका घ्यावी?

गोऱ्या कातडीच्या लोकांत त्वचेचा कर्करोग प्रामुख्याने उन्हामुळे होतो. आपल्या सावळ्या त्वचेला रंगद्रव्याचे संरक्षण लाभलेले असल्यामुळे आपल्याकडे त्याचे प्रमाण कमी आहे. परंतु त्यामुळेच तो कोणाच्या ध्यानीमनी नसतो. आपल्याकडे तो अनेकदा जुन्या व्रणातून उद्भवतो. चुलीवर किंवा शेकोटीत भाजल्याचा जुना डाग, कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायावरील जखम, वर्षानुवर्षे चिघळणारा पायाचा व्रण आणि कमरेवरील नाडीची घासणारी जागा ही त्याची नेहमीची ठिकाणे होत.

महिना-दीड महिना उपचार करूनही जखम भरत नसेल, तिच्या कडा जाड व कठीण होऊन उचलल्या गेल्या असतील, तीतून सहज रक्त येत असेल किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसत असेल, तर विलंब करू नये. चेहऱ्यावरील चकाकणारी, हळूहळू वाढून मध्ये फुटणारी गाठही दाखवावी. तळहात, तळपाय अथवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग विशेष धोक्याचा असतो. मेलॅनोमा हा घातक प्रकार आपल्या लोकांत बहुधा याच ठिकाणी आढळतो.

पदवी व नोंदणी पाहावी

‘स्किन क्लिनिक’ अशी पाटी असली म्हणजे आत त्वचारोगतज्ज्ञ असतीलच असे नाही. सौंदर्योपचार करणारी अनेक केंद्रे त्याच नावाने चालतात. एम.बी.बी.एस. नंतर त्वचारोग विषयातील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही.एल. यांपैकी एक पदवी अथवा पदविका डॉक्टरांच्या नावापुढे असावी. भारतातील त्वचारोगतज्ज्ञाच्या शिक्षणात कुष्ठरोगाचाही समावेश असतो, ही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर व पैशाच्या पावतीवर नमूद करणे बंधनकारक आहे. तो पाहणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्याची खातरजमा करता येते.

बायोप्सीवाचून निदान नाही

केवळ नजरेने कर्करोगाची शंका घेता येते; खात्री मात्र बायोप्सीनेच होते. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढतात व तो विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवतात. सुरी लागल्याने कर्करोग पसरतो ही समजूत निराधार आहे. तो पसरतो तो विलंबामुळे. संशयास्पद जखमेवर बायोप्सी न करता महिनोन्महिने स्टेरॉइडचे मलम देणारा, किंवा वाढणारा काळा तीळ तपासणीविना जाळून टाकणारा डॉक्टर टाळावा. जाळलेल्या पेशींची तपासणी होऊ शकत नाही आणि निदानाची संधी हातची जाते.

शस्त्रक्रिया कोणी करावी?

लहान व वरवरची गाठ शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञ स्वतः काढू शकतात. गाठ मोठी असेल, जुन्या भाजलेल्या व्रणात असेल, डोळा, नाक वा ओठाजवळ असेल किंवा जांघेत, काखेत गाठी लागत असतील, तर कर्करोग शल्यचिकित्सक व प्लास्टिक सर्जन यांची आवश्यकता असते. चांगला त्वचारोगतज्ज्ञ आपली मर्यादा ओळखून रुग्णास वेळेवर पुढे पाठवतो.

शस्त्रक्रियेपूर्वी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत : अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत? भोवतालची निरोगी त्वचा किती काढणार? (सौम्य प्रकारात ती साधारण ४ ते ६ मिलिमीटर असते, मेलॅनोमात अधिक.) काढलेला भाग तपासणीस पाठवून कडा स्वच्छ असल्याचा अहवाल देणार का? दुसऱ्या जागेची त्वचा लावावी लागेल का? एकूण खर्च किती? पुढील तपासण्या कधी?

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. सिकलसेलमुळेही घोट्याजवळ दीर्घकाळ न भरणारे व्रण होतात. म्हणून प्रत्येक व्रण कर्करोगाचाच समजून घाबरू नये. मात्र रुग्णास सिकलसेल असल्यास भूल देण्यापूर्वी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

कोठे जावे?

नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आहे. प्रारंभ तेथून करावा. मुंबईस परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगग्रस्तांची सेवा करीत आहे. गुंतागुंतीच्या आजारात तेथील सल्ला मोलाचा ठरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे आणि योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे. आपल्याकडील बरेच रुग्ण रेल्वेने सुरतला जातात. शेजारच्या राज्यात जाण्यापूर्वी आपली योजना तेथे लागू होते की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. बायोप्सीचा अहवाल व सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत.

आपण काय करू शकतो?

नाडी सैल बांधावी, रुंद पट्टा वापरावा, रोज तीच जागा आवळू नये. कमरेची जखम दाखविण्यास आपल्या माता-भगिनी संकोचतात. म्हणून दवाखान्यांत सेवा करणाऱ्या धर्मभगिनींनी व गावोगावी जाणाऱ्या धर्मशिक्षकांनी वृद्ध स्त्रियांची आपुलकीने चौकशी करावी. ज्यांना शहर परके वाटते, मराठी नीट बोलता येत नाही, त्यांच्यासोबत कोणीतरी जावे, अशी आमची विनंती आहे. वेळीच काढलेला त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. एखाद्या आजीला बसमध्ये बसवून नंदुरबारला नेण्यासाठी दिलेला आपला एक दिवस तिच्या आयुष्याची अनेक वर्षे वाढवू शकतो.