पत्रातला छोटा शब्द, धंद्यातला मोठा फरक

परदेशी ग्राहकाचे इंग्रजी पत्र वाचताना केवळ पहिल्या शब्दावर जाऊ नये. 'कॉल' म्हणजे बोलावणे. पण 'कॉल ऑफ' म्हणजे ऑर्डर रद्द! कापड कापणे तिथेच थांबवावे. 'पुट ऑफ' म्हणजे ऑर्डर पुढे ढकलली. नवी तारीख लेखी मागावी. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारले. 'राइट ऑफ' म्हणजे येणे बुडीत खाती टाकले. मागचा शब्द बदलला की अर्थ पालटतो. म्हणून असे शब्द जोडीनेच पाठ करावेत, असे आम्ही सुचवतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिलेले समजून घेणे ही त्यापुढची जबाबदारी आम्ही मानतो. शंका असल्यास सहीपूर्वी जाणकाराला विचारावे.