मंगळाईचा बुरुज

सातारा शहरात राहणाऱ्या माणसाला अजिंक्यतारा मुद्दाम पाहायला जावे लागत नाही. मान वर केली की तो दिसतोच. म्हणूनच की काय, आमच्या वर्गातील निम्म्या मुली किल्ल्यावर कधी गेलेल्याच नाहीत. मीही पहिले सारे वर्ष खालूनच दूरदर्शनचा मनोरा पाहण्यात घालवले. यंदा दिवाळीची सुट्टी संपवून परत येताना अण्णा, म्हणजे माझे वडील, मला वसतिगृहावर पोचवायला आटपाडीहून आले. "एवढा डोंगर डोक्यावर हाय, बघून तरी जाऊ," असे ते म्हणाले, आणि आम्ही दोघे चढू लागलो. इतिहासाच्या तासाला मंगळाईच्या बुरुजाचे नाव नुकतेच ऐकले होते. तोच पाहायचा असे मी मनाशी ठरवले.

पहिला दरवाजा ओलांडून, मारुतीला नमस्कार करून आम्ही ईशान्येच्या टोकाकडे निघालो. वाटेत ताराराणींच्या वाड्याचे अवशेष आहेत. पुढे मंगळाईचे देऊळ लागते आणि त्यालगत तटाचा तो कोपरा. समोर जरंडेश्वराचा डोंगर, खाली शहराची घरे. बुरुज म्हणून डोळ्यांत भरावे असे मात्र काही नाही. सिनेमातले उंच गोल बुरुज मनात धरून जाल तर निराशाच पदरी येईल.

मुळात बुरुज ही उंचीसाठी बांधलेली वस्तू नव्हेच. सरळ तटाच्या अगदी पायथ्याशी शत्रू येऊन भिडला, तर वरच्या माणसाला तो ओणवे झाल्याशिवाय दिसत नाही, आणि ओणवे व्हावे तर गोळी लागते. म्हणून तटाचा काही भाग पुढे काढून गोल करतात. त्याच्या कुशीतल्या जंग्यांमधून शेजारच्या तटाच्या पायाशी आलेल्या शत्रूवर आडवा मारा करता येतो. कोपऱ्यावर तर बुरुज हवाच, कारण तिथे दोन बाजूंनी मार बसतो.

या कोपऱ्याची मापे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहेत. हे गृहस्थ 1818 पासून काही वर्षे साताऱ्यातच इंग्रजांचे अधिकारी होते. त्यांच्या मते या जागेची एकूण उंची 67 फूट. त्यांपैकी 42 फूट नैसर्गिक कडा आणि वरचे 25 फूट तेवढे बांधकाम. म्हणजे बुरुजाचा मोठा भाग गवंड्याने नव्हे, सह्याद्रीनेच बांधलेला!

1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्यावर चालून आला. त्याची छावणी उत्तरेला करंज्याला पडली, शहाजादा आजम पश्चिमेला बसला आणि पूर्वेची बाजू तरबियतखानाकडे गेली. गडावर किल्लेदार होते प्रयागजी प्रभू, शिवाजी महाराजांच्या काळापासून चाकरीत मुरलेले. वरून धोंडे लोटून त्यांनी मोगलांना महिनोन्महिने थोपवून धरले. मार्चच्या आरंभी सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तरी गड लढतच राहिला.

तोफांनी काम भागेना, तेव्हा तरबियतखानाने या कोपऱ्याखालच्या खडकात दोन सुरुंग खणवले. त्याला साडेचार महिने लागले. 13 एप्रिल 1700 रोजी बत्ती द्यायचे ठरले. बादशहा लवाजम्यासह तमाशा पाहायला निघाला, आणि ती मिरवणूक पाहायला गडावरचे लोक, खुद्द प्रयागजीसुद्धा, तटावर जमले. पहिला सुरुंग उडाला. खडकाला भेगा पडल्या, तटाचा बराच भाग आत कोसळला आणि पुष्कळ मराठे दगडांखाली गेले. हे पाहून हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगल उतावळे होऊन पुढे सरसावले. तेवढ्यात दुसरा, त्याहून मोठा सुरुंग उडाला तो बाहेरच्या बाजूला. दोन हजारांवर मोगल गेले असे सांगतात. ढिगाऱ्याखालची प्रेते काढता येईनात, तेव्हा मोगलांच्याच सैन्यातल्या हिंदू पायदळाने आपल्या भाईबंदांना अग्नी मिळावा म्हणून रात्री मोर्च्याच्या लाकडांना आग लावली, असेही मोगलांच्या बाजूचा इतिहास सांगतो.

दुसरा सुरुंग बाहेर का फुटला? तो चुकीचा लावला होता, एवढेच डफ लिहितो. मी हे अण्णांना सांगितले. अण्णांनी उभे आयुष्य विहिरींना सुरुंग लावण्यात घालवले आहे. आता ट्रॅक्टरवरच्या यंत्राने भोके पाडतात, पण त्यांच्या उमेदीत पहार आणि घण हीच यंत्रे. ते कड्याच्या काठापासून जरा अलीकडे बसले, खालचा खडक न्याहाळला आणि म्हणाले, "दारूला डोळं नसत्यात पोरी, पर कच्ची बाजू तिला बराबर कळती. पयल्या बारानं खडक चिरला. दुसऱ्याची दारू त्या चिरंतनं भायेर पडली असंल. न्हाईतर तोंडाची ठासणी कच्ची असंल."

ठासणी म्हणजे दारू भरल्यावर भोकाच्या तोंडाशी माती घट्ट कोंबून बसवणे. ती ढिली राहिली तर दारूचा जोर खडक फोडण्याऐवजी आल्या वाटेने परत येतो. त्या दिवशी नेमके काय घडले हे अण्णांना तरी कुठून कळणार? पण "चुकीचा लावला" या शब्दांचा अर्थ मला तिथे प्रथम कळला, एवढे खरे.

मोगल पुढे सरसावले हे ऐकल्यावर मात्र ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या धंद्यातला पहिला नियम म्हणजे बार मोजायचे. पाच वाती पेटवल्या तर पाच आवाज झाल्याशिवाय विहिरीत उतरायचे नाही. एका विहिरीवर मालकाच्या घाईपायी चार आवाजांवरच ते उतरले होते. मी तेव्हा बालवाडीत होते. त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नाही आणि डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.

"मंग किल्ला पडला म्हणायचा," अण्णा म्हणाले. मलाही तसेच वाटत आले होते. पण तसे झाले नाही. प्रयागजी देवीच्या देवळाजवळ दगडांखाली गाडले गेले होते, ते जिवंत निघाले. तो शुभशकुन मानून मराठे भगदाड पडलेल्या तटामागे पुन्हा उभे राहिले. गड गेला तो दाणागोटा संपल्यामुळे. इतके दिवस परशुरामपंत परळीहून, म्हणजे आजच्या सज्जनगडावरून, रसद धाडत होते आणि आजमशहाच्या बाजूने काणाडोळा होत होता. तो काणाडोळा बंद झाला आणि 21 एप्रिलला गड मोगलांच्या स्वाधीन झाला. बादशहाने त्याचे नाव आजमतारा ठेवले. पुढे काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला आणि 1708 च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला.

असाच प्रकार इंग्लंडात रॉचेस्टरच्या किल्ल्यात 1215 साली झाला होता. तेव्हा तिकडे बंदुकीची दारू नव्हती. जॉन राजाने चौकोनी मनोऱ्याच्या एका कोपऱ्याखाली भुयार खणवून वरचा भार लाकडी टेकूंवर तोलला आणि चाळीस लठ्ठ डुकरांच्या चरबीने ते टेकू पेटवून दिले. कोपरा कोसळला, तरी आतले लोक मधल्या भिंतीआड लढत राहिले. अखेर उपासमारीने शरण आले. इंग्रजांनी तो कोपरा पुन्हा बांधला, तो गोल. आजही त्या मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल आहे म्हणे. बघणाऱ्याला काही न सांगता कळते. आपल्याकडे ते पुस्तकात शोधावे लागते.

अण्णांनी उठून धोतर झटकले, मंगळाईपुढे रुपया ठेवला आणि विचारले, "ते सुरुंग खणणाऱ्यांची नावं हायत का गं तुज्या पुस्तकात?"

मी तरबियतखानाचे नाव सांगितले.

"त्यो खणत नसंल," ते म्हणाले.

मग आम्ही खाली उतरलो. त्यांना चारची आटपाडी गाडी गाठायची होती.