पाच कॅम्पांचा मुलूख

उल्हासनगरचे पिनकोड कधी निरखून पाहिलेत? ४२१००१, ४२१००२, असं करत ४२१००५ पर्यंत. तो शेवटचा आकडा म्हणजे कॅम्पचा नंबर! दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधल्या. सैनिक गेले, फाळणी झाली आणि त्या बराकींत सिंधहून आलेली माणसं उतरली. वस्तीचे पाच कॅम्प झाले. आजही तिथला माणूस पत्ता सांगतो तो ‘कॅम्प नंबर चार’ असाच.

आपल्या बीड जिल्ह्याला गाव सोडणं नवं नाही. दिवाळीच्या आगेमागे लाखो मजूर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पण कारखान्याचा पट्टा पडला की माघारी येतात, कारण माघारी गाव असतं. सिंधी हिंदूंचं तसं नव्हतं. पंजाब आणि बंगाल चिरले गेले, तरी त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध प्रांत अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि बोटी भरभरून माणसं मुंबईच्या धक्क्याला लागू लागली. तशी मुंबई त्यांना परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता!

अमेरिकेतल्या चिकासॉ या आदिवासी लोकांनाही १८३७ पासून मिसिसिपीकडचा आपला मुलूख सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. तिथे त्यांनी १८५६ मध्ये स्वतःची राज्यघटना केली, गव्हर्नर निवडला. पण कशी का होईना, त्यांच्या पायाखाली एक हद्द होती. सिंधींना तीही नाही. मग समाज म्हणून उभं राहायचं तरी कशावर?

सुरुवात बराकींतून झाली. लांबलचक दालन, मधे गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे आणि एकेका पडद्याआड एकेक संसार. बायका पापड लाटत, पुरुष आणि पोरं लोकलमध्ये किडूकमिडूक विकत. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या शहराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून छावणीचं उल्हासनगर झालं.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट तर आणखी थक्क करणारी. तिथल्या छावणीत महायुद्धाच्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापूरच्या उन्हात पोलिश शाळा भरत होती, चर्चमध्ये प्रार्थना होत होती! ते गेले आणि त्याच घरांत सिंधी आले. घाऊक कापडासाठी आपले व्यापारी ज्या गांधीनगरला जातात, ते हेच.

पोट भरलं की माणूस आधी घर बांधेल असं आपल्याला वाटतं. यांनी कॉलेजं बांधली. मुंबईत जय हिंद १९४८ मध्ये, के. सी. १९५४ मध्ये. आणि वांद्र्याचं नॅशनल कॉलेज? ते मूळचं सिंधमधल्या हैदराबादचं, १९२२ चं. इमारत तिकडेच राहिली आणि कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा सुरू झालं!

देवाचंही तसंच. सिंधमध्ये कुणी नानकपंथी, कुणी सूफी पिरांच्या दर्ग्यात जाणारा, कुणी दर्याची पूजा करणारा. विखुरलेल्यांना एका धाग्यात ओवण्यासाठी प्रा. राम पंजवानींनी झुलेलालची भक्ती गाऊन-सांगून घरोघरी पोचवली. झुलेलाल हा पाण्याचा देव. सिंधू नदी मागे राहिली, पण पाणी कुठे नाही? आपल्या पाडव्याला लागूनच चेटीचंड हा सिंधी सण येतो, तेव्हा मिरवणूक जवळ असेल त्या नदीवर, तळ्यावर, समुद्रावर जाते.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते. ‘ब’ म्हणून बघा. ओठ उघडले की हवा बाहेर पडते. सिंधीत आणखी एक ब आहे. तो उच्चारताना स्वरयंत्र किंचित खाली सरकतं आणि हवा आत ओढली जाते. ग, ज आणि ड यांचेही असे जोडीदार आहेत. सिंधची लिपी अरबी वळणाची, ५२ अक्षरांची. भारतात देवनागरीही आली, पण हे चार आवाज लिहायचे कसे? अक्षराखाली आडवी रेघ ओढून: ॻ, ॼ, ॾ, ॿ. कोणती लिपी खरी, यावर समाजात कडाक्याचा वाद झाला. मला तो वाद सुदृढ वाटतो. भाषा जगवायची आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

आठवून पाहा, तो काळ भाषावार प्रांतांचा होता. मराठीला १९६० मध्ये आपलं राज्य मिळालं. सिंधीला राज्य मिळणं शक्यच नव्हतं. तरीही १० एप्रिल १९६७ ला घटनेच्या आठव्या अनुसूचीत मूळच्या १४ भाषांनंतर पहिली नवी भाषा दाखल झाली, ती सिंधी! ना राज्य, ना जिल्हा, नुसत्या बोलणाऱ्यांच्या जोरावर.

आज सिंधी घरांतली पुष्कळ मुलं हिंदी-इंग्रजीत बोलतात, याची मला हळहळ वाटते. पण ती रेघांची चार अक्षरं आता युनिकोडच्या देवनागरीतही आहेत, २००६ पासून. ज्या फोनवर आपण मराठी वाचतो, त्यावर तीही उमटतात.